सहायक कलाकाराची चिठ्ठी: ग्लोब बघून टाकायची की सॅग बघून?

आमच्या टोळक्यात ऑस्करची पैज दोनच नावांवर लागते, सहायक अभिनेता आणि सहायक अभिनेत्री. मुख्य भूमिकांवर वाद वाढतात आणि मिसळ गार होते, म्हणून ते बंद केलं. सोहळा आपल्याकडे सोमवारी पहाटे दिसतो, निकाल लागला की सगळे नाशिकच्या गंगापूर रोडला मिसळ खायला जमतात आणि हरणारा सगळ्यांचं बिल भरतो, जादा पापडांसकट. चिठ्ठी एकदाच टाकायची, नंतर खाडाखोड नाही. बरोबरी झाली तर ज्याची चिठ्ठी आधी डब्यात पडली तो जिंकला.

घोळ या शेवटच्या नियमात आहे. नव्याने खेळायला येणारा प्रत्येक जण विचारतो, गोल्डन ग्लोबनंतर लगेच टाकू की सॅगपर्यंत थांबू? दोन्ही हॉलिवूडचे पुरस्कार, ऑस्करच्या आधी होणारे; सॅग म्हणजे तिथल्या नटांच्या संघटनेचे, २०२६पासून त्यांचं नाव 'अ‍ॅक्टर अवॉर्ड्स' झालंय. मी दोन्ही करून बसलोय.

ग्लोबची मजा कबूल करायलाच हवी. जानेवारीत सगळं ताजं असतं, कोणी भाषणात गहिवरतं आणि आपण तिथेच नाव ठरवून मोकळे होतो. पण तिथे मत देणारे पत्रकार आणि समीक्षक, आता तीनशेहून जास्त. ऑस्करची चिठ्ठी त्यांच्या हातात नसते. सॅगला मत देतात ते बहुतेक नटच, आणि ऑस्कर देणाऱ्या अकादमीत सगळ्यात मोठी शाखाही नटांचीच. त्या शाखेतले बरेच जण दोन्हीकडे मत देतात.

हे मात्र मला नंतर सुचलेलं शहाणपण. मी ग्लोब सोडला तो वेगळ्याच वैतागाने. २०१७ साली ग्लोबला आरन टेलर-जॉन्सन जिंकला, 'नॉक्टर्नल अ‍ॅनिमल्स'साठी. मी ऐटीत चिठ्ठी टाकली. ऑस्करची नामांकनं आली तर त्याच सिनेमातला मायकल शॅनन यादीत, आणि हा गायब! शर्यत सुरू व्हायच्या आधीच माझा घोडा तबेल्यात. २०२१ला जोडी फॉस्टरच्या बाबतीत पुन्हा तेच, 'द मॉरिटेनियन'साठी ग्लोब मिळाला आणि पंधरवड्यात कळलं की ऑस्करच्या पाचांत तिचं नावच नाही. मेहुणा तेव्हा डबा हलवत म्हणाला, "दाजी, आधी पाच जण तरी कळू द्या!" हरण्याचं मला फार वाटत नाही. बाद झालेली चिठ्ठी डब्यात ठेवून महिनाभर लोकांचं ऐकून घेणं जड जातं.

सॅगही चुकतं, नाही असं नाही. २०१६ला इद्रिस एल्बा आणि २०१९ला एमिली ब्लंट सॅग जिंकले, आणि दोघांनाही ऑस्करचं नामांकन नव्हतं. फरक इतकाच की सॅगच्या सोहळ्यापर्यंत नामांकनं जाहीर झालेली होती, त्यामुळे विजेता बाहेरचा आहे हे दिसत होतं. सोडून द्यायचं, दुसरं नाव बघायचं. आणि न्यायाने बोलायचं तर २०१९ला ग्लोबवाल्यांनी रेजिना किंगला दिलं आणि ऑस्करही तिलाच गेलं. सॅगने तिला साधं नामांकनही दिलं नव्हतं.

माझी शेवटची ग्लोबची चिठ्ठी २०२३ची. अँजेला बॅसेटला 'वकांडा फॉरेव्हर'साठी ग्लोब मिळाला त्याच रात्री 'नाटू नाटू'लाही मिळाला होता, म्हणून मला तो शकुनच वाटला. पुढे बाफ्टा, म्हणजे ब्रिटनचा सिनेपुरस्कार, केरी काँडनला गेलं, सॅग जेमी ली कर्टिसला. मेहुण्याने सॅग झाल्यावर शांतपणे कर्टिस लिहिलं. १३ मार्चला उजाडता उजाडता तिचं नाव पुकारलं आणि मी पाकीट शोधायला उठलो. 'नाटू नाटू'ने ऑस्कर जिंकल्यावर सगळं टेबल नाचत होतं. मीही नाचलो, पण काळ्या मसाल्याचा तो रस्सा त्या दिवशी जरा जास्तच झणझणीत लागला.

मग घरी येऊन वहीत मांडून बघितलं, आणि पुढची दोन वर्षंही जोडत गेलो. २०२० ते २०२५, सहा वर्षं, दोन विभाग, बारा नावं. सॅगची बाराही जुळली. ग्लोबची नऊ. एवढ्यावरून सिद्धांत मांडू नये, एखादं वर्ष फिरलं की हिशोब बिघडेल. ग्लोबची मतदारमंडळीही आता बरीच बदलली आहे, तेव्हा जुन्या चुका त्यांच्या माथी किती मारायच्या हाही प्रश्नच.

बाफ्टा मी तोंडी लावण्यापुरतं ठेवतो. घरच्या माणसांकडे त्यांचा ओढा असतो असं मला वाटतं. २०१६ला मात्र ग्लोब स्टॅलोनला, सॅग एल्बाला आणि बाफ्टा मार्क रायलन्सला, अन् ऑस्कर नेलं रायलन्सने. त्या वर्षी बिल कोणी भरलं हे सांगत नाही.

जानेवारीतच पैजेची रंगत हवी असेल तर खुशाल ग्लोबवर जा, तुमच्यामुळे आमचाही जानेवारी बरा जाईल. माझी चिठ्ठी सॅगनंतरच पडते. बरोबरीचा तो नियम बदला म्हणून दोन वर्षं मागे लागलोय, पण डबा मेहुण्याकडे असतो.