पाच महिन्यांनंतर: चिकटवलेल्या तुकड्यांचा फुटबॉल, गोलकीपरच्या हातून

जूनमध्ये हा पाच नंबरचा फुटबॉल घेतला. रविवारी सकाळी शिवाजी पार्क आणि आठवड्यातून एकदा रात्री टर्फ, असा आमचा खेळ. मी गोलकीपर, त्यामुळे बॉल कसा आहे ते आधी माझ्या हातांना कळतं.

जुना बॉल ३२ तुकड्यांचा, शिवलेला. पार्कातल्या चिखलात तो शिवणीतून पाणी प्यायचा आणि अर्ध्या तासात इतका जड व्हायचा की हेडर मारायला कोणी पुढे येईना. नव्याचे तुकडे उष्णतेने चिकटवलेत. अख्खा पावसाळा काढला, तरी जडपणा आला नाही. माझे पैसे इथेच वसूल झाले.

त्याच्या अंगावर बारीक खरखर आहे, बोट फिरवलं की अंगावरच्या काट्यासारखी लागते. मला वाटायचं, ही पकडीसाठी. पण तिचं मोठं काम हवेत असतं. गुळगुळीत बॉलला लगटून वाहणारी हवा लवकर सुटते, मागे रुंद भोवरा उरतो आणि तो बॉलला मागे ओढतो. खरखरीमुळे आणि सांध्यांमुळे अंगालगतचा थर खवळतो, खवळलेली हवा जास्त वेळ चिकटून राहते, भोवरा अरुंद होतो. गोल्फच्या बॉलवरचे खळगे याचसाठी.

२०१० च्या वर्ल्ड कपचा बॉल, जाबुलानी, आठवतो? आठ तुकडे, सांधे कमी, अंग गुळगुळीत. किती गोलकीपरांनी तक्रार केली! २०१४ चा ब्राझुका तर सहाच तुकड्यांचा, पण सांध्यांची एकूण लांबी जास्त आणि ते खोलही, म्हणून उडायला भरवशाचा. दुकानात तुकडे मोजत बसू नका, सांध्यावर नख फिरवून बघा.

आमचा स्ट्रायकर फिरकी न देता मारतो, तो शॉट अजूनही डगमगतो. एका बाजूची हवा आधी सुटते, दुसरीकडची नंतर. हे कुठल्याच बॉलला चुकत नाही. पण जुना ऐन हातापाशी यायचा आणि वळायचा, मनगटावर आदळायचा. याचा अंदाज येतो.

आता तक्रार. पाऊस संपला, पार्कातली माती सुकून कडक झाली आणि महिन्याभरात एका बाजूची खरखर घासून चकचकीत झाली. एका सांध्याचा कोपराही उचलला गेलाय. दुकानदाराने बदलून द्यायला साफ नकार दिला, याचा राग अजून आहे.

तरीही पुढचा असाच घेणार. तो पावसाळ्यात आणि टर्फवर काढायचा. कोरड्या पार्कात जुना शिवलेलाच बरा.