सांगलीत सन्मानचिन्हं घेताय? आधी नावाची पट्टी बघा

गुणगौरव समारंभांचे दिवस आले की विश्रामबागच्या कॉलेजांपासून मिरजेपर्यंत सगळ्यांच्या ऑर्डरी एकदमच बाजारात पडतात. राष्ट्रपती सुवर्णपदक किंवा कुलपती पदक शिवाजी विद्यापीठाच्या दीक्षान्त समारंभात मिळतं, त्याची तयारी कोल्हापुरात होते. विषयवार पहिला येणारा, उत्कृष्ट खेळाडू, संशोधन करणारे प्राध्यापक यांचा सन्मान मात्र कॉलेजचा, आणि त्यासाठीचा माल इथल्या दुकानांतला. हा माल कसा असतो? थोडक्यात सांगायचं तर अॅक्रिलिक म्हणजे काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक चांगलं मिळतं, फ्रेम बऱ्या असतात, पदकं पारखून घ्यावी लागतात आणि मराठी नावं कोरण्यात बहुतेक ठिकाणी गडबड होते.

अॅक्रिलिक दोन जातींचं असतं. कास्ट शीटवर लेसर फिरला की अक्षर दुधी पांढरं उमटतं आणि शेवटच्या रांगेतूनही वाचता येतं. स्वस्तातल्या एक्स्ट्रुडेड शीटवर तेच अक्षर पारदर्शक राहतं, हातात घेऊन तिरकं धरल्याशिवाय दिसत नाही. दिसायला दोन्ही सारखीच, म्हणून दुकानदाराकडून एका तुकड्यावर एक शब्द कोरून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. मजकूर मागच्या बाजूनं उलटा कोरलेला असेल तर उत्तम, पुढची बाजू गुळगुळीत राहते आणि पुसताना अक्षरांत धूळ अडकत नाही. 10 मिलिमीटर जाडीचं सन्मानचिन्ह टेबलावर भक्कम उभं राहतं. 5 मिलिमीटरचं खाचेत डुलतं.

कडांना बारीक केसासारख्या भेगा दिसल्या तर तो नग परत करा. लेसरनं कापलेल्या कडेत ताण राहतो, तिथं स्पिरिट किंवा थिनर लागला की भेगा पडतात. साफसफाई पाण्यात ओल्या केलेल्या मऊ कापडानंच करायची, हे हार-शाली मांडणाऱ्या मुलांनाही सांगून ठेवा. रंगीत यूव्ही छपाई हवी असेल तर एका कोपऱ्यावर चिकटपट्टी दाबून ओढून बघा. खाली प्रायमर नसेल तर कॉलेजचं बोधचिन्ह पट्टीबरोबर निघून येतं.

आता नावं. सगळ्यात जास्त वेळ इथंच द्यायला हवा, कारण मुलाच्या घरी ते चिन्ह वर्षानुवर्षं भिंतीवर राहणार असतं. कॉलेजची यादी युनिकोडमध्ये असते, दुकानातली फाइल बऱ्याचदा जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये, त्यात युनिकोडची अक्षरं नीट उमटत नाहीत. मग नावं पुन्हा टाइप होतात आणि ‘कुऱ्हाडे’चं रफार देऊन ‘कुर्हाडे’ होतं. म्हणून यादी पाठवताना एक्सेलबरोबर पीडीएफही द्या, म्हणजे अक्षर कसं दिसायला हवं हे समोर राहतं. दुकानदाराकडून प्रूफ, म्हणजे कोरण्याआधीचा नमुना, खऱ्या आकारात कागदावर मागा. मोबाइलवर आलेला फोटो मोठा करून बघितला की सगळंच बरोबर वाटतं. एकानं मूळ यादी मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं प्रूफवर बोट ठेवून तपासायचं. अक्षराची उंची 4 मिलिमीटरच्या खाली गेली की अनुस्वार आणि वेलांटी एकमेकांत मिसळतात, तेव्हा लांब नावासाठी अक्षर बारीक करण्यापेक्षा दोन ओळी करा. गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, चिन्हावर कोणता क्रम हवा तेही लिहूनच द्या.

नाव थेट चिन्हावर कोरून घेऊ नका. पुनर्मूल्यांकनाचा निकाल आला की पहिला क्रमांक बदलू शकतो, मग पूर्ण नग वाया जातो. चिन्हावर कॉलेज, पुरस्कार आणि वर्ष एवढंच घ्यावं, नावासाठी वेगळी पट्टी. अॅनोडाइज्ड अॅल्युमिनियमची पट्टी साध्या सीओटू लेसरवर कोरता येते, त्यामुळे ती त्याच दिवशी बदलून मिळते. वर कसलाही थर नसलेल्या पितळेच्या पट्टीला फायबर लेसर हे वेगळं यंत्र लागतं. दुकानात ते नसेल तर काम बाहेर जातं, तेवढे दिवस हातात ठेवा. दोन-तीन कोऱ्या पट्ट्या जादा घ्या. चिकटवण्याआधी जागा कोरडी पुसलेली हवी, नाहीतर पावसाळी दमट हवेत पट्टीचा कोपरा उचलला जातो.

पदकांबद्दल स्पष्टच सांगायला हवं. बाजारातलं ‘गोल्ड मेडल’ म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव पदक, वर सोनेरी मुलामा. खेळाच्या स्पर्धेला ते ठीक. पण कुणी आईवडिलांच्या नावे ठेव ठेवून सुवर्णपदक सुरू केलं असेल, तर हा माल त्या कुटुंबासमोर देऊ नये. व्याज तेवढंच राहतं आणि सोन्याचा भाव वाढत जातो, म्हणून अशी पदकं बंद पडतात किंवा गुपचूप हलकी होतात. त्यापेक्षा सराफाकडून 925 हॉलमार्कच्या (92.5 टक्के शुद्ध) चांदीचं पदक करून त्यावर सोन्याचा मुलामा द्यावा, आणि प्रमाणपत्रावर ‘सोन्याचा मुलामा दिलेलं रौप्यपदक’ असंच लिहावं. देणगीदाराला आधी विचारलं तर बहुतेक वेळा अडचण येत नाही.

प्राध्यापकांच्या पुरस्काराला चिन्हापेक्षा कागद महत्त्वाचा. पदोन्नतीच्या फाइलला पुरस्कार देणारी संस्था, तारीख, जावक क्रमांक, सही आणि शिक्का लागतात. नुसत्या ‘सन्मानपूर्वक’ मजकुराचं सुंदर मानपत्र तिथं उपयोगाचं नसतं. छपाईवाल्यांचे तयार नमुने नेमके या जागा सोडूनच असतात, म्हणून मजकूर स्वतः द्यावा. कागद 300 जीएसएमचा घ्या. फ्रेम करताना काच आणि कागद यांच्यात माउंटची, म्हणजे जाड पुठ्ठ्याची, पट्टी हवीच, नाहीतर ओल धरून शाई काचेला चिकटते.

बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी मिरजेच्या सतारमेकर गल्लीतला छोटा तंबोरा मागवावा, प्लास्टिकच्या पुतळ्यापेक्षा कितीतरी मानाचा. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. फक्त प्रवासात खुंट्या मोडतात. डबा घ्याल तेव्हा दांडीच्या दोन्ही बाजूंना फोम आहे ना ते बघा, आणि तारा सैल ठेवायला सांगा. ही कामं हातानं होतात, तेव्हा ऑर्डर किमान महिनाभर आधी द्यावी.