एलएल.बी.सोबत फिकह, म्हणजे इस्लामी न्यायशास्त्र शिकायचंय? ठाण्यात राहावं की मलेशिया गाठावं

आधी एवढंच ठरवा: काळा कोट घालून ठाण्याच्या कोर्टात उभं राहायचंय का? तसं असेल तर इथलीच एलएल.बी. करा.

ठाण्याचं टीएमसी लॉ कॉलेज घ्या किंवा नेरूळचं डी. वाय. पाटील, कौटुंबिक कायद्यात मुस्लिम कायदा येतोच: निकाह, मेहर, तलाक, वारसा, 1937 चा शरियत कायदा, 1939 चा विवाहविच्छेद कायदा, एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवणारा 2017 चा शायरा बानो निकाल. वकिलीला सुरुवात करायला एवढं पुरतं. नियमामागचं कारण मात्र त्यात क्वचितच येतं.

समजा, बाई वारली आणि मागे नवरा व दोन सख्ख्या बहिणीच आहेत. नवऱ्याचा हिस्सा 1/2, बहिणींचा 2/3. बेरीज 7/6, म्हणजे मालमत्तेपेक्षा जास्त. म्हणजे 3/6 आणि 4/6; सुन्नी कायद्यात छेद 6 ऐवजी 7 करून 3/7 आणि 4/7 वाटतात. हा ‘औल’. पेपरात एवढं गणित सुटलं की गुण मिळतात. फिकहमध्ये पैगंबरांचे चुलतभाऊ इब्न अब्बास यांनी औल का नाकारला, शिया पंथ तो आजही का मानत नाही, इथवर जावं लागतं. विषयाची खरी गोडी तिथेच लागते.

ती गोडी पदवीसकट हवी असेल तर क्वालालंपूरजवळ गोम्बाकला आंतरराष्ट्रीय इस्लामी विद्यापीठ आहे, स्थापना 1983 ची. तिथे एलएल.बी.ला जोडून शरियतची वेगळी पदवीही घेता येते. इस्लामी बँकिंग किंवा अध्यापनात जायचं असेल तर हाच रस्ता सरस. अडतं ते परतल्यावर, वकिलीच्या सनदेपाशी. परदेशी पदवीला बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता लागते, वर पात्रता परीक्षा. फी भरण्याआधी नेमक्या त्याच पदवीबद्दल लेखी उत्तर मिळवा.

इथे शिकणाऱ्यांचा घोळ वेगळाच होतो. लॉ चालू असताना दुसरीकडे नियमित कोर्सला नाव घालतात. बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांत त्याला मनाई आहे. भाषेचा अल्पमुदतीचा अर्धवेळ कोर्स किंवा विद्यापीठाचा दूरस्थ कोर्स चालतो. तेव्हा लॉ करताना अरबी पक्की करा, फिकहचा नियमित कोर्स पदवीनंतर.

शिक्षकही पारखून घ्या. सुन्नी फिकहचे वेगवेगळे मजहब, म्हणजे विचारपंथ आहेत: भारतात बहुतेक सुन्नी हनफी, पण आपल्याकडचे कोकणी मुसलमान शाफई. सज्ञान कुमारिकेला हनफी मतानुसार वलीशिवाय (पालकाशिवाय) निकाह करता येतो, शाफई मतानुसार नाही. ठाण्यात दोन्हीकडचे पक्षकार येणार, म्हणून दोन्ही मजहब शेजारी ठेवून शिकवणारा शिक्षक शोधा.