विज्ञान प्रदर्शनासाठी मालवाहू यान: प्रोग्रेस, सिग्नस की ड्रॅगन?

शुभांशू शुक्ला 2025 च्या जून-जुलैमध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर राहून आले, आणि तेव्हापासून नाशिकच्या शाळांतल्या विज्ञान प्रदर्शनांत स्थानकाच्या प्रतिकृती जास्तच दिसायला लागल्या आहेत. मध्ये पाइप, दोन्ही बाजूंना सोनेरी कागदाचे पंख, खाली पाटी. दिसायला झकास, पण परीक्षकांनी ‘हे चालतं कसं?’ असं विचारलं की मुलं एकमेकांकडे बघतात. त्यापेक्षा स्थानकाला रसद पोचवणारं, आत एकही माणूस नसलेलं मालवाहू यान करा, असं माझं विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना सांगणं असतं. शुक्ला वर असतानाच, जुलैच्या पहिल्या आठवड्यात, असं एक रशियन प्रोग्रेस यान स्थानकाला येऊन चिकटलं होतं. तेव्हा विषय जुना नाही, आणि बातम्यांत झिजलेलाही नाही.

मग यान कोणतं? प्रदर्शनाच्या टेबलावर बसतील असे खरे उमेदवार तीनच: रशियाचं प्रोग्रेस, अमेरिकेतल्या नॉर्थ्रॉप ग्रुमनचं सिग्नस आणि स्पेसएक्सचं मालवाहू ड्रॅगन. जपानचं एचटीव्ही-एक्स आणि चीनचं त्यांझोऊ यांच्याकडे नंतर येतो.

मुलं सगळ्यात आधी वजनाचा तक्ता करतात. प्रोग्रेस सुमारे अडीच टन नेतं, सिग्नसची 2025 मध्ये आलेली मोठी आवृत्ती पाच टनांच्या आसपास, ड्रॅगन दाबयुक्त कुपीत तीनेक टन आणि मागच्या उघड्या भागात आणखी काही. तक्ता लावा, पण त्यावरून निवड करू नका. या यानांमधला खरा फरक सामान उतरवून झाल्यावर दिसतो. प्रोग्रेस आणि सिग्नस परत येत नाहीत. स्थानकावरचा कचरा त्यांच्यात कोंबतात, ती सुटी करतात आणि वातावरणात जळू देतात. कचरा म्हणजे वेष्टनं, बिघडलेले सुटे भाग आणि वापरलेले कपडेही. वर कपडे धुण्याची सोय नाही, कपडे घालून घालून शेवटी टाकूनच द्यावे लागतात. ड्रॅगन मात्र उष्णतारोधक कवच घेऊन, पॅराशूट उघडून समुद्रात उतरतं आणि तीन टनांपर्यंत सामान शाबूत खाली आणतं.

हा फरक नाशिकच्या परीक्षकांना समजावायला एक तयार उदाहरण आहे. नोव्हेंबर 2019 मध्ये एका युरोपीय कंपनीने फ्रान्समधल्या बोर्दोच्या पेट्रुस वाइनच्या बारा बाटल्या प्रयोगासाठी स्थानकावर पाठवल्या. गेल्या सिग्नसने. पुढच्या मार्चमध्ये मर्लो आणि कॅबरने सोव्हिन्यों या द्राक्षजातींच्या 320 काड्या ड्रॅगनने गेल्या. सिग्नस परत येणारं नसल्यामुळे बाटल्या आणि काड्या दोन्ही जानेवारी 2021 मध्ये ड्रॅगननेच खाली आल्या. बाटल्या वर वर्षाहून अधिक काळ राहिल्या होत्या. नंतर बोर्दोमध्ये वाइन चाखून बघितली गेली आणि काड्या लावल्या गेल्या. कॅबरने आपल्याकडच्या वाइनच्या बागांतही आहे. त्यामुळे निफाड-दिंडोरीकडच्या ज्या मुलांच्या घरी द्राक्षबाग आहे, त्यांनी ड्रॅगनच घ्यावं असं मला वाटतं. काडी म्हणजे काय, तिला डोळे किती, ती ओलसर कशी ठेवायची, हे त्यांना परीक्षकांपेक्षा जास्त माहीत असतं. खरड छाटणीच्या काळात बागेत काड्यांचा ढीग पडलेला असतो. त्यातल्या चांगल्या काड्या पिशवीत लावून वाढवल्या, तर प्रदर्शनापर्यंत जिवंत रोप मॉडेलशेजारी ठेवता येतं.

ड्रॅगनची अडचण आकाराची. त्याची कुपी निमुळती, वर गोलसर टोपी, खाली रुंद बूड. पाइप कापून ती होत नाही. प्लास्टिकची कुंडी उलटी करून वर कागदाचा लगदा चढवला तर बऱ्यापैकी जमतं. मागच्या दंडगोल भागाला इंग्रजीत ट्रंक म्हणतात. आताच्या ड्रॅगनला पंख नाहीत, याच ट्रंकच्या अर्ध्या बाजूवर सौरपेशी बसवलेल्या असतात. म्हणजे काळा कागद एकाच बाजूला चिकटवायचा. पंख लावलेलं ड्रॅगन दिसलं तर ते 2020 पर्यंतचं जुनं मॉडेल समजा, आणि पाटीवर तसं लिहा. पॅराशूट चार लावा. ट्रंक परत येत नाही, परतीच्या वाटेवर आधीच सुटी होते. मॉडेलमध्ये ती चुंबकाने जोडली तर हाताने वेगळी करून दाखवता येते, आणि एवढी एक कृतीसुद्धा परीक्षकांच्या लक्षात राहते.

सिग्नसला लोक कमी लेखतात, आणि मला त्याचं वाईट वाटतं. नुसता दंडगोल, पण त्याच्या गोष्टी सगळ्यात रंगतदार आहेत. प्रत्येक सिग्नसला एखाद्या दिवंगत व्यक्तीचं नाव देतात. ऑक्टोबर 2020 मध्ये व्हर्जिनियातल्या वॉलप्सहून गेलेल्या यानाचं नाव होतं ‘एस. एस. कल्पना चावला’. त्यातून मुळ्याचं बियाणं गेलं आणि नव्या बनावटीचं शौचालयही गेलं. मुलं हे सांगताना हसतात, परीक्षकही हसतात, आणि मग शून्य गुरुत्वात शौचालयाला हवेचा झोत का लागतो यावर दोन मिनिटं चांगली चर्चा होते.

दुसरी गोष्ट आगीची. कचरा भरलेलं सिग्नस स्थानकापासून दूर गेलं की ते तसंही जळणारच असतं. मग नासाने 2016 पासून त्याच्या आत बंद पेटीत मुद्दाम आग लावून बघितली. पहिल्याच प्रयोगात सुमारे एक मीटर लांबीचं कापड पेटवलं. माणसं असलेल्या यानात हे करायची कुणाची छाती नव्हती. गुरुत्व नसताना गरम हवा वर जात नाही, म्हणून ज्वाळेला टोक येत नाही. हा मुद्दा आठवीच्या मुलालाही पटतो. (प्रदर्शनात मेणबत्ती पेटवायचा मोह टाळा, मंडपात कापडाच्या कनाती असतात.)

आणि सिग्नस स्वतःहून स्थानकाला चिकटत नाही. ते खाली सुमारे दहा मीटरवर येऊन थांबतं, मग स्थानकाचा 17 मीटरहून लांब कॅनडाआर्म हा यंत्रहस्त त्याला पकडतो आणि दाराशी नेऊन बसवतो. एमजी रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात दोन-तीन सर्व्हो मोटर आणि त्या चालवणारं अर्डुइनो हे छोटं नियंत्रक सर्किट घेतलंत की हा हात हलतो. इतर दोन यानांपेक्षा इथे इलेक्ट्रॉनिक्सला जास्त वाव आहे. नववी-दहावीच्या, सोल्डरिंगचा नाद असलेल्या जोडीला मी डोळे झाकून सिग्नस देईन. त्याचे सौरपंख गोल असतात, उघडताना घडी सुटत जाते. ते नीट करायला वेळ लागतो, एवढं आधीच गृहीत धरा.

हाताने पकडून बसवण्याचा एक फायदा फारसा कुणी सांगत नाही. या पद्धतीत स्थानकाचं दार चौकोनी आणि जवळपास 127 सेंटिमीटरचं असतं. प्रोग्रेस आणि ड्रॅगन स्वतः येऊन जोडले जातात, पण त्यांच्या दाराचा मार्ग गोल आणि 80 सेंटिमीटरच्या आसपास. टेबलासमोरच्या फरशीवर खडूने दोन्ही आकार खऱ्या मापात काढा आणि एका मुलाला दप्तरासकट आधी एकात, मग दुसऱ्यात बसवा. मोठं कपाटभर यंत्र कोणत्या यानाने पाठवावं लागेल, हे वेगळं सांगावं लागत नाही. खर्च शून्य.

आता प्रोग्रेस. पहिलं गेलं 20 जानेवारी 1978 ला, सल्युत-6 या सोव्हिएत स्थानकाकडे. तेव्हापासून मूळ आराखडा तोच, आतलं सामान आधुनिक होत गेलं, आणि दीडशेहून जास्त उड्डाणं झाली. पाचवी ते सातवीच्या गटासाठी मी हेच सुचवेन, आणि कारण अगदी व्यावहारिक आहे. यानाचा व्यास सुमारे 2.7 मीटर, लांबी सात मीटरहून थोडी जास्त. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा 110 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घेतला की 1:25 हे प्रमाण आपोआप बसतं. लांबी येते साधारण 29 सेंटिमीटर. पाटीवर प्रमाण लिहिलेलं असलं की परीक्षकांची नजर तिथेच जाते, आणि लहान मुलांना भागाकार करून दाखवता येतो. पाइपचे तीन तुकडे करा: पुढे सामानाची खोली, मध्ये इंधनाच्या टाक्या, मागे इंजिन.

मधला तुकडा महत्त्वाचा. स्थानक 400 किलोमीटरवर असलं तरी तिथे विरळ हवा आहेच, तिच्या घर्षणाने ते हळूहळू खाली सरकतं. प्रोग्रेस इंधन नेतं, जोडणीच्या कड्यातल्याच नळ्यांतून स्थानकाच्या टाक्यांत भरतं आणि स्वतःचं इंजिन चालवून स्थानकाला वरही ढकलतं. अलीकडे सिग्नस आणि ड्रॅगननेही ढकलण्याचं काम केलंय, पण इंधन भरून देणं हे या तिघांत प्रोग्रेसचंच. दोन सिरिंज आणि सलाइनची नळी घेऊन रंगीत पाणी इकडून तिकडे नेलं की हे दाखवून झालं.

जोडणीसाठी प्रोग्रेसच्या नाकावर एक दांडा असतो आणि स्थानकाच्या बाजूला शंकूच्या आकाराचा खड्डा. दांडा थोडा इकडे-तिकडे झाला तरी शंकू त्याला मध्यावर आणतो. स्वयंपाकघरातलं नरसाळं आणि टोकाला लाकडी मणी बसवलेली काठी घ्या, बघणाऱ्यालाच डोळे मिटून जोडायला सांगा. हा खेळ असला की टेबलासमोर गर्दी हमखास. त्याबरोबर 25 जून 1997 ची गोष्ट सांगायला विसरू नका. रशियाच्या मीर स्थानकावर प्रोग्रेस हाताने, दूरनियंत्रणाने आणून जोडण्याची चाचणी चालू होती. यान वेगात येऊन धडकलं, स्पेक्तर विभागाला भोक पडलं आणि हवा गळू लागली. दारातून गेलेल्या तारा तोडून तो विभाग बंद करावा लागला, तेव्हा माणसं वाचली.

वेगाचं म्हणाल तर 2018 मध्ये एक प्रोग्रेस चार तासांच्या आत स्थानकाला पोचलं. कसारा घाटात अडकलो तर नाशिकहून दादरला जायला याहून जास्त लागतात. पण हा वेग दरवेळी नसतो, बरीच यानं दोन दिवसांच्या वाटेनेच जातात. पाटीवर ‘चार तासांत पोचते’ असं सरसकट लिहू नका.

तिन्हींची विश्वासार्हता? कुठलंच निर्दोष नाही. 28 ऑक्टोबर 2014 ला सिग्नस नेणारा अँटारेस अग्निबाण उडाल्यावर काही सेकंदांत कोसळला. 28 एप्रिल 2015 ला सुटलेलं प्रोग्रेस कक्षेत भरकटलं आणि जळालं. 28 जून 2015 ला ड्रॅगन नेणारा फाल्कन-9 अग्निबाण हवेतच फुटला. तिन्ही वेळा तारीख 28, हा निव्वळ योगायोग, पण मुलांच्या लक्षात पक्का बसतो. आठ महिन्यांत तिन्ही प्रकारची यानं नष्ट झाली, तरी वरची माणसं उपाशी राहिली नाहीत, कारण साठा काही महिन्यांचा ठेवतात आणि मालवाहू यानं एकाहून जास्त देशांची आहेत. ‘एवढी वेगवेगळी यानं कशाला?’ या प्रश्नाचं उत्तर याच तीन तारखांत आहे.

एचटीव्ही-एक्स ऑक्टोबर 2025 मध्ये पहिल्यांदा उडालं. सहा टनांच्या आसपास सामान नेणारं चांगलं यान आहे, पण अजून त्याच्या खात्यावर गोष्टी कमी. त्यांझोऊ आणखी मोठं, सात टनांच्या घरातलं, आणि नोव्हेंबर 2022 मध्ये त्यातलं पाचवं यान दोन तास सात मिनिटांत पोचलं होतं. मात्र ते चीनच्या स्वतःच्या त्यांगोंग स्थानकाकडे जातं. आंतरराष्ट्रीय स्थानकाच्या मॉडेलला त्यांझोऊ जोडलेलं मी प्रदर्शनात पाहिलंय. तसं करू नका.

‘भारताचं यान कुठे आहे?’ हा प्रश्न येणारच. आपलं मालवाहू यान अजून नाही. स्थानक 2035 पर्यंत उभं करायचं उद्दिष्ट आहे. पण 16 जानेवारी 2025 ला इस्रोने स्पेडेक्स मोहिमेत सुमारे 220 किलोचे दोन उपग्रह कक्षेत एकमेकांना जोडून दाखवले. रसद पोचवायची तर ही विद्या आधी लागते. याचा फलक जरूर करा, पण यानाच्या शेजारी मांडू नका, नाहीतर सगळी चर्चा तिकडेच वळते. टेबलाखाली ठेवा आणि विचारलं की काढा.