गूगल पोस्टमास्टर टूल्स: हापूसच्या मोसमात कामाचं, एरवी कोरं

देवगड-रत्नागिरीचे बागायतदार आता स्वतःच्या डोमेनवरून (स्वतःच्या नावाच्या इंटरनेट पत्त्यावरून) आंब्याच्या पेट्यांच्या ऑर्डरी घेतात, मालवण-गुहागरच्या घरगुती निवासांचं बुकिंगही मेलवर पक्कं होतं. असा मेल स्पॅममध्ये पडला की गिऱ्हाईक दोन दिवस वाट बघतं आणि दुसरीकडे जातं. मेल कुठे अडतोय हे कळायला गूगलचं पोस्टमास्टर टूल्स फुकट मिळतं. साधन चांगलं आहे, पण ते कधी बघायचं हे माहीत हवं.

जोडायला दहा मिनिटं पुरतात. डोमेन भरायचं, गूगल देईल ती टीएक्सटी नोंद (मजकुराची एक ओळ) डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीत, टाकायची आणि पडताळणीचं बटण दाबायचं. बरेच जण इथेच अडतात, कारण डोमेन एकीकडून घेतलेलं असतं आणि नेमसर्व्हर (ही नोंदवही ठेवणारे सर्व्हर) दुसरीकडे वळवलेले असतात. नोंद नेमसर्व्हर असतील तिथेच टाकायची. डोमेन घेतलं तिथल्या जुन्या पॅनलमध्ये टाकली तर ती कोणाला दिसतच नाही.

आत बघण्यासारखा मुख्य आकडा स्पॅम दराचा. गूगल सांगतं, तो ०.१ टक्क्याच्या खाली ठेवा आणि ०.३ टक्क्यापर्यंत कधीच जाऊ देऊ नका. म्हणजे इनबॉक्समध्ये पोचलेल्या हजार मेलांमागे तिघांनी 'स्पॅम' दाबलं की तुम्ही लाल रेषेवर. तीनशे जणांच्या यादीत तर एकच माणूस पुरतो. 'यादीतून नाव काढा' ही लिंक ठळक हवी ती यासाठीच. ती सापडली नाही की माणूस स्पॅमचं बटण दाबतो.

या आकड्याची एक खोच नीट समजून घ्या. तो इनबॉक्समध्ये पोचलेल्या मेलांवरच्या तक्रारी मोजतो. मेल थेट स्पॅममध्येच जात असतील तर तक्रार करणार कोण? दर शून्य दिसतो आणि मालकाला वाटतं सगळं ठीक आहे. शून्य दर आणि ऑर्डरी बंद, असं एकत्र दिसलं तर काळजी करायची वेळ आली म्हणून समजा.

दुसरी मर्यादा मेलांच्या संख्येची. जीमेलच्या वैयक्तिक खात्यांवर पुरेसे मेल गेले नाहीत तर पान कोरं राहतं. दिवसाला पंधरा-वीस मेल पाठवणाऱ्या निवासवाल्याने त्यात आलेख शोधू नये. मार्चमध्ये दोन-तीन हजार जुन्या गिऱ्हाइकांना दरपत्रक पाठवणाऱ्याला मात्र ते उपयोगी पडतं, तेही मोसमापुरतंच.

कोऱ्या पानावर उपाय जीमेलमध्येच आहे. स्वतःच्या डोमेनवरून एक मेल जीमेलवर पाठवा, संगणकावर उघडा, तीन टिंबांमधून 'शो ओरिजिनल' निवडा. मोबाइलच्या ॲपमध्ये ही सोय नाही. वर एसपीएफ (तुमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्यांची यादी), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (या दोन्हींपैकी एक तरी तुमच्याच डोमेनशी जुळतं का, आणि नसेल तर मेलचं काय करायचं, हे सांगणारी नोंद) यांच्यापुढे 'पास' दिसलं पाहिजे. डीकेआयएमच्या ओळीत पुढे डोमेनचं नाव असतं, तेही वाचा. तिथे तुमच्याऐवजी मेल पाठवणाऱ्या सेवेचं नाव असेल तर त्या सहीचा डीमार्कला उपयोग नाही.

'फेल' आलं तर बहुतेक वेळा चूक साधी असते. वेबसाइटची होस्टिंग कंपनी एक आणि मेलची सेवा दुसरी, म्हणून कोणीतरी एसपीएफच्या दोन नोंदी टाकतं, आणि दोन नोंदी झाल्या की एसपीएफ तपासणीच बाद होते. एकाच नोंदीत दोघांना बसवा, आणि त्यातून होणाऱ्या डीएनएस चौकश्या दहाच्या वर जाऊ देऊ नका. डीमार्कची नोंद 'अंडरस्कोअर डीमार्क' (_dmarc) या नावाने टाकतात. काही पॅनल पुढे डोमेन आपोआप जोडतात. तिथे पूर्ण नाव लिहिलं की डोमेन दोनदा लागतं आणि नोंद सापडत नाही. सुरुवात 'पी=नन'ने करा, म्हणजे नापास मेलवर कारवाई नको. डीमार्कच्या अहवालात आपले सगळे मेल पास होताना दिसले की मगच 'क्वारंटाइन'वर (नापास मेल स्पॅममध्ये टाका) जा.

वेबसाइटवरचा चौकशी फॉर्म तर हमखास गोंधळ घालतो. तो पाठवणाऱ्याच्या जागी गिऱ्हाइकाचा पत्ता घालून मेल सोडतो, म्हणजे तुमचा सर्व्हर दुसऱ्याच्या नावाने लिहितो. मग गणपतीपुळ्याला खोली विचारणारी चौकशी तुमच्याच स्पॅममध्ये पडते. 'फ्रॉम'मध्ये स्वतःच्या डोमेनचा पत्ता आणि 'रिप्लाय-टू'मध्ये गिऱ्हाइकाचा, एवढा बदल पुरे.

फेब्रुवारी २०२४ पासून दिवसाला पाच हजारांवर मेल जीमेलला पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क हे तिन्ही आणि जाहिरातीच्या मेलांना एका क्लिकमध्ये नाव काढायची सोय सक्तीची आहे. तुमचा आकडा त्याच्या आसपासही नसला तरी तिन्ही लावूनच ठेवा. खर्च काही नाही.

पोस्टमास्टर टूल्स जोडायचं ते जानेवारीतच, पेट्या भरायला लागल्यावर नव्हे. नऊ-दहा महिने गप्प असलेल्या डोमेनवरून एका सकाळी तीन हजार मेल सुटले तर जीमेलला संशय येणारच. आधी गेल्या वर्षी पेटी घेतलेल्यांपैकी शंभर जणांना पाठवा, दुसऱ्या दिवशी दोनशे, मग चारशे. परत आलेले पत्ते त्याच संध्याकाळी यादीतून काढा. चारशेच्या पुढे गेल्यावर रोज स्पॅम दर बघा. आकडा एक-दोन दिवस उशिरा येतो, म्हणून तो ०.१ च्या वर सरकलेला दिसला की पुढची तुकडी लगेच थांबवा.