शिकागोत मेक्सिकन जेवायचंय: अठरावा रस्ता की सव्विसावा?

आमच्याकडे पुण्याहून, ठाण्याहून पाहुणे आले की तिसऱ्या-चौथ्या दिवशी विषय निघतोच, "इथे मेक्सिकन चांगलं मिळतं म्हणे, कुठे जाऊ या?" मग मोबाइल चाळला जातो आणि डाउनटाउनमधलं एखादं मंद दिव्यांचं हॉटेल ठरतं. तिथलं जेवण वाईट नसतं. पण रेल्वेत, पोलादाच्या कारखान्यांत, कत्तलखान्यांत राबायला मेक्सिकन माणसं या शहरात येऊ लागली त्याला शंभर वर्षं होऊन गेली. ती स्वतः जिथे जेवतात तिथे जायचं सोडून भलतीकडे पैसे का घालवायचे?

तर हाताशी एकच जेवण असेल, तर खरी निवड दोन रस्त्यांमधली आहे: पिल्सनमधला अठरावा आणि लिटल व्हिलेजमधला सव्विसावा.

पिल्सन जवळ आहे. लूपमधून, म्हणजे डाउनटाउनमधून, पिंक लाइनची ट्रेन पकडायची आणि '१८ वा रस्ता' याच नावाच्या स्टेशनवर उतरायचं. जिन्यापासूनच भिंती रंगवलेल्या दिसतात. वस्तीचं नाव चेक लोकांनी ठेवलेलं, त्यांच्या प्ल्झेन गावावरून. मेक्सिकन कुटुंबं इथे मोठ्या संख्येने आली ती १९६० च्या दशकात, इलिनॉय विद्यापीठाच्या आवारासाठी शेजारची वस्ती पाडली गेली तेव्हा.

इथे जायचं ते कार्नितास खायला. हा मेक्सिकोतल्या मिचोआकान राज्याचा पदार्थ, आणि त्याच राज्यातल्या गावाचं नाव लावणारं 'कार्नितास उरुआपान' १९७५ पासून अठराव्या रस्त्यावर आहे. डुकराचं मांस मोठ्या कढईत त्याच्याच चरबीत तासन् तास शिजतं आणि पौंडावर विकलं जातं. टाको मोजून मागवू नका, मांस वजनावर घ्या. सोबत गरम तोर्तिया (मक्याच्या पातळ पोळ्या), कांदा-कोथिंबीर, साल्सा (तिखट चटणी) घ्या आणि टेबलावर स्वतःच गुंडाळून खा. काउंटरवर कोणता भाग हवा विचारतील. 'मासिसा' म्हणजे नुसतं चरबीविरहित मांस, 'कुएरितो' म्हणजे मऊ कातडी, 'सुर्तिदा' म्हणजे सगळं थोडं थोडं. पहिल्यांदा जाणारे हमखास मासिसा मागतात आणि ते जरा कोरडं लागतं. सुर्तिदाच घ्या. सुरा लाकडी ठोकळ्यावर पडतो, कातडी, चरबी आणि मांस एकत्र चिरलं जातं आणि वाफेसकट कागदावर येतं. त्यावर लिंबू पिळला की बाकी काही लागत नाही. दोघांना एक पौंड पुरून उरतं. शनिवार-रविवारी सकाळी लवकर गेलेलं बरं.

पिल्सनची अडचण एकच, आणि ती मला बोचते. इथली भाडी वाढली आहेत. जुनी कुटुंबं निघून चालली आहेत, आणि दर दोन दुकानांआड कॉफीची किंवा कॉकटेलची जागा आली आहे. त्यामुळे अठराव्या रस्त्यावर डोळे मिटून कुठेही शिरता येत नाही. दारावरची पाटी आधी इंग्रजीत आणि मेन्यू चार पानी असेल तर मी पुढे जाते. एकाच पदार्थाची मोठी पाटी आणि काउंटरवर कामाच्या बुटांतली माणसं दिसली की आत शिरते.

सव्विसाव्या रस्त्यावर हा शोध घ्यावा लागत नाही. 'बिएनवेनिदोस' लिहिलेली कमान ओलांडली की पुढे मैलभराहून जास्त अंतर पाट्या स्पॅनिश, गाणी स्पॅनिश, दुकानांत लग्नाचे आणि पंधराव्या वाढदिवसाचे घेरदार झगे. टाकेरिया, म्हणजे टाकोचं दुकान, कधी किराणा दुकानाच्या मागच्या भागात असते: पुढे वाळक्या मिरच्यांची पोती, मागे तवा. सकाळी कोपऱ्यावर तामालेंचे, म्हणजे सारण भरून वाफवलेल्या मक्याच्या पिठाच्या उंड्यांचे, डबे आणि चांपुर्रादो, म्हणजे मक्याचं पीठ घातलेलं घट्ट, गरम चॉकलेट. दुपारनंतर भाजलेली कणसं किंवा पेल्यातले दाणे, त्यावर मेयोनेझ, चीज, तिखट आणि लिंबू. मुंबईच्या पावसात कणीस खाल्लेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. रविवारी सकाळी मेनुदो, म्हणजे वजडीचा लाल रस्सा; आपल्याकडे वजडी खाणाऱ्यांनी तो चुकवू नये. रात्री उभ्या सळईवर फिरणारं अल पास्तोर मिळतं, ते लेबनीज लोकांनी मेक्सिकोत नेलेल्या शावर्माचं मेक्सिकन रूप.

पण सव्विसावा लांब आहे. लूपमधून निघणारी ६० नंबरची बस थेट त्याच रस्त्यावर नेते, पण वेळ खाते. इंग्रजी सगळीकडे चालेलच असं नाही, आणि रोख रक्कम जवळ हवी. माझे सासरे मात्र तिथेच जास्त रमले. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी खुणेनेच त्यांना हिरवा साल्सा जपून घ्यायला सांगितलं होतं.

तोर्तियाच्या बाबतीत दोन्ही रस्ते बरोबरीचे, कारण 'एल मिलाग्रो' या तोर्तियांच्या कारखान्याच्या टाकेरिया दोन्ही वस्त्यांत आहेत. मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर ठेवतात, मग सालं निघतात आणि तो ओलाच दळतात. आपली मक्याची भाकरी थापताना कडेला चिरते, ही का चिरत नाही याचं उत्तर त्या चुन्यात आहे. कागदात गुंडाळलेला गरम पुडा हातात घेऊन वास घ्या, नुकत्याच भिजवलेल्या चुन्याची ओळख लगेच पटेल.

आता शाकाहारी मंडळींसाठी, कारण इथे माझी स्वतःची चूक झाली आहे. आईला मी बीन्स आणि भात बिनधास्त वाढले, आणि अर्धं ताट संपल्यावर कळलं की बीन्स डुकराच्या चरबीत परतलेले आणि भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला. आई काही बोलली नाही, पण त्या दिवशी ती पुन्हा जेवली नाही. तेव्हापासून मी 'सिन कार्ने', म्हणजे मांसाशिवाय, एवढ्यावर थांबत नाही. 'तिएने मान्तेका?' म्हणजे यात चरबी आहे का, आणि 'काल्दो दे पोयो?' म्हणजे कोंबडीचं पाणी आहे का, हे दोन प्रश्न विचारतेच. तामालेच्या पिठातही बहुधा चरबी असते, त्यामुळे आत नुसती मिरची-चीज असली तरी विचारा. निवडुंगाच्या पानांची भाजी म्हणजे नोपालेस, भोपळ्याच्या फुलांची केसादिया (चीज घालून दुमडलेली तोर्तिया), आणि मक्यावरच्या काळ्या बुरशीचं उइत्लाकोचे मिळालं तर जरूर घ्या. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत शुक्रवारी बरेच मेक्सिकन मांस टाळतात, तेव्हा पर्यायही वाढतात. शाकाहारी माणूस बरोबर असेल तर मी पिल्सनच निवडते: इंग्रजीत नीट विचारता येतं, आणि जेवणानंतर चालत मेक्सिकन कलेच्या राष्ट्रीय संग्रहालयात जाता येतं. प्रवेश फुकट आहे, सोमवारी बंद.

मांसाहारी असाल, टाको आधी खाल्लेले असतील आणि अख्खी संध्याकाळ मोकळी असेल तर सव्विसावा. दोन्ही हवेत असतील तर तीच ६० नंबरची बस पिल्सनमधूनही जाते, त्यामुळे सकाळी कार्नितास आणि संध्याकाळी कणीस जमतं.

आणि परतीचं विमान मिडवेहून असेल, तर हे दोन्ही बाजूला ठेवा. ऑरेंज लाइनवर विमानतळाच्या अलीकडचं स्टेशन पुलास्की. तिथून थोडं चाललं की 'बिर्रिएरिया सारागोसा' लागतं. ते चालवणारं कुटुंब मेक्सिकोतल्या हालिस्को राज्याच्या पद्धतीची बोकडाची बिर्रिया, म्हणजे मसाल्यात मंद शिजवलेलं मटण, करतं. हाडासकट मागवा, रस्सा वेगळा वाटीत घ्या, आणि बॅग टेबलाखाली ठेवून निवांत जेवा.