क्यूजीआयएस, सात महिन्यांच्या वापरानंतर: खाजनांचे नकाशे दुरुस्त करताना

गोव्यातील दिवाडी बेटावरील खाजनांचे (बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतजमिनींचे) जुने सर्व्हे प्लॅन स्कॅन करून क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये जागेवर बसवणे आणि त्यांवरून बांध, मानशी (पाणी आत-बाहेर सोडण्याची दारे) व शेतांच्या सीमा आखून घेणे, हे काम मी गेले ७ महिने करीत आहे. विनामूल्य म्हणून घेतलेले हे सॉफ्टवेअर आता सोडवत नाही, ते त्यातील दुरुस्तीच्या सोयींमुळे.

सर्वाधिक वेळ जिओरेफरन्सिंगला, म्हणजे स्कॅन केलेला नकाशा जमिनीवरील खऱ्या स्थानांशी जुळवण्याला, द्यावा, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. पहिल्या प्लॅनला मी ३ नियंत्रणबिंदू (प्लॅनवर आणि जमिनीवर दोन्हीकडे ओळखता येणाऱ्या जागा) दिले, 'पॉलिनोमियल १' हे रूपांतर निवडले आणि त्रुटी शून्य आली. ती येणारच होती, कारण त्या रूपांतराला किमान ३ बिंदू लागतात आणि ताडून पाहायला चौथा उरतच नाही. 'थिन प्लेट स्प्लाइन' हे दुसरे रूपांतर तर दिलेल्या प्रत्येक बिंदूतून नेमके जाते, त्यामुळे चुकीचा बिंदूही त्रुटींच्या तक्त्यात निर्दोष दिसतो. आता मी १० बिंदू मोजून आणतो, त्यांतले ३ बाजूला ठेवतो आणि नकाशा बसल्यावर त्यांच्याशी पडणारा फरक पाहतो. घडी पडलेल्या एका प्लॅनवर मानशीजवळ हा फरक ४ मीटर भरला. तिथला बांध जेमतेम ३ मीटर रुंद आहे.

स्नॅपिंगची, म्हणजे आखताना रेषा जवळच्या बिंदूला आपोआप चिकटण्याची, मर्यादा मी बरेच दिवस पिक्सेलमध्येच ठेवली होती. नकाशा लांबून पाहत असताना १२ पिक्सेल म्हणजे जमिनीवर कित्येक मीटर होतात. एका ठिकाणी बांधाच्या दोन्ही कडा एकमेकींना चिकटल्या आणि बांधाची जागा शेजारच्या शेतात जमा झाली. प्रकल्प यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या निर्देशांक-पद्धतीच्या ४३ उत्तर विभागात असल्यामुळे मर्यादा थेट अर्धा मीटर ठेवता येते, आणि तेव्हापासून हा दोष दिसलेला नाही.

आकृत्यांतले दोष आपोआप दुरुस्त करणारे 'फिक्स जिऑमेट्रीज' मात्र जपून वापरावे. इंग्रजी आठच्या आकड्यासारखे पिळलेले शेत ते दोन तुकड्यांत सोडवून देते, पण आखताना दोन कोपऱ्यांचा क्रम उलटला होता, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. म्हणून मी 'चेक व्हॅलिडिटी'ने दोषाची जागा शोधतो आणि कोपरे प्लॅनशी ताडून हाताने सरकवतो.

मराठीत माहिती भरणाऱ्यांनी शेपफाइल (नकाशाची माहिती साठवण्याचा एक फाइल-प्रकार) टाळावी. तिच्यात रकान्याच्या नावाला १० बाइट मिळतात, तर यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात अक्षर आणि काना-वेलांटी प्रत्येकी ३ बाइट घेतात. 'मालकी' एवढे साधे नावही पुरते मावत नाही. जिओपॅकेज या दुसऱ्या फाइल-प्रकारात ही अडचण नाही, आणि सगळे थर एकाच फाइलमध्ये राहतात.